वाऱ्याचा डोळा

आमच्या घरात दोन माणसं बोलत असत. बाबा शब्दांविषयी बोलत आणि आई बाकी सगळ्याविषयी. मी तिसरी, ऐकणारी. हे वाटप कोणी ठरवून केलं नव्हतं, पण मोडायचीही सोय नव्हती, कारण दोघांच्या मध्ये तोंड घालायला फटच मिळायची नाही. आई मूळची डहाणूजवळच्या नरपडची. तिथल्या वाडीत चिकूच्या झाडांखाली हाका मारत वाढलेली, त्यामुळे तिचा आवाज कायम वाडीच्या या टोकापासून त्या टोकाला पोचेल एवढा. तलासरीला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या हायवेच्या अलीकडे होत्या. दिवसभर ट्रक जात, आणि त्या घरघरीच्या वर आईचा आवाज सहज चढे. भाजीवालीशी ती गुजरातीत घासाघीस करी, शेजारणीशी मराठीत वाद घाली आणि दूध घालायला येणाऱ्या बाईशी त्या बाईच्याच बोलीत सुखदुःखाच्या गोष्टी करी. मी बाहेरून आले की चप्पल काढायच्या आत हाक यायची, ‘अनूऽऽ!’ माझं नाव अनिला. ते शाळेच्या दाखल्यावर आणि बाबांच्या तोंडी. आईची मी जन्मापासून अनू, आणि त्यातला ‘नू’ ती मी ओ देईपर्यंत सोडायची नाही.

बाबा उधव्याच्या आश्रमशाळेत इंग्रजी शिकवत. त्याआधी ते रानशेतकडे होते, आणि तिथेच त्यांना हा शब्दांचा नाद लागला. त्यांच्या वर्गातल्या पोरांची घरची भाषा म्हणजे वारली बोली, मराठी शाळेत येऊन शिकलेली, आणि त्यावर इंग्रजीचं ओझं. स्पेलिंगं काही केल्या डोक्यात राहात नसत. मग बाबांनी एक जुना जाडजूड शब्दकोश कुठूनसा मिळवला आणि वेगळीच रीत काढली. ‘माणूस भेटला की आपण पहिलं काय विचारतो?’ ते वर्गाला विचारत. पोरं ओरडत, ‘कुठले तुम्ही?’ ‘मग शब्दालाही तेच विचारायचं.’ आणि ते शब्दाचं गाव सांगत. स्कूल म्हणजे मुळात फुरसत, ग्रीक लोक फुरसतीच्या वेळी शिकत म्हणून. पोरांना हे इतकं खोटं वाटे की ते शब्द त्यांच्या कायमचे लक्षात राहात. बाबांनी एकदा सांगायचं आणि मग सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचं, हा आश्रमशाळेचा सगळ्याच विषयांचा नेम. पाढेही तसेच, प्रार्थनाही तशीच. शाळेच्या फाटकापासून कोणता तास चालू आहे ते कळे.

घरी आले तरी बाबा थांबत नसत. जेवताना, भाजी निवडताना, डहाणूला जायच्या बसची वाट बघताना त्यांना काहीतरी आठवे. बस हा मुळात लांबलचक लॅटिन शब्द, सर्वांसाठी असा त्याचा अर्थ. लोकांनी पुढचं धड कापून टाकलं आणि नुसतं शेपूट ठेवलं, तेच बस. आई म्हणाली, ‘म्हणूनच चढायला मिळत नाही. शेपटाला धरून किती जण लोंबकळणार?’ ब्रेकफास्ट म्हणजे उपास सोडणं, हे कळल्यावर तिने विचारलं, ‘म्हणजे रोज झोपेत माझा उपास घडतो? मग त्याचं पुण्य जातं कुठे?’ चिकू हा शब्द समुद्रापलीकडून आलाय हे बाबांनी सांगितलं तेव्हा मात्र ती जरा चिडली. ‘झाड माझ्या बापाने लावलंय. नाव कुणाचं का असेना.’ थंडीत ती अंगणात उकडहंडी लावायची. कोनफळ, रताळी, वालपापडी, हिरवी लसूण, सगळं मडक्यात भरून, तोंड पाल्याने घट्ट दाबून, मडकं उलटं करून वरून विस्तव. ते शिजेपर्यंत तिचं बोलणं आणि बाबांचं सांगणं दोन्ही चालू राही, आणि कोण कोणाचं ऐकत होतं ते देवाला ठाऊक. आता माझ्या चष्म्याचा नंबर बाबांच्या नंबरापुढे गेलाय, आणि त्यातलं निम्मं काही मला आठवत नाही. पापडीची वाफ तेवढी आठवते.

आईला झालं ते दुपारी. जिल्हा ठाण्यापासून तुटून पालघर झाल्याला काही वर्षं झाली होती, मी बारावीत होते, आणि त्या दिवशी कॉलेज लवकर सुटल्यामुळे घरात होते. आई कुंपणापाशी उभी राहून शेजारणीला कोणाच्या तरी लग्नातल्या मानपानाचं सांगत होती. मी आत पुस्तक धरून पडले होते, आणि तिचं वाक्य मध्येच थांबलं. मला वाटलं, आज लवकर संपलं. मग शेजारीण ओरडली.

वापीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ‘स्ट्रोक’ हा शब्द सांगितला आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. बाबा आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. बाबा म्हणाले, ‘स्ट्रोक म्हणजे फटका. जुने इंग्रज म्हणत, देवाच्या हाताचा फटका. पुढे देव गळला, हात गळला, फटका राहिला.’ मला राग यायला हवा होता. आला नाही. मला भीतीही वाटत नव्हती. समोरच्या भिंतीला हिरवा रंग होता आणि खालचा पट्टा चॉकलेटी होता, तो कुठे सरळ आहे आणि कुठे वाकडा गेलाय ते मी बघत होते. त्यानंतरचे कित्येक महिने मी तशीच होते. लोक येऊन रडत, मी त्यांना पाणी देई. ‘पोरगी खंबीर आहे हो,’ असं म्हणत. खंबीर वगैरे काही नव्हते. आत हात घातला तर काही लागत नव्हतं, एवढंच.

आई जगली. उजवा हात लुळा पडला, पाय थोडा ओढत चालायला लागली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. ‘चहा हवा?’ म्हटलं की मान हलवायची, मीठ जास्त झालं की तोंड वाकडं करायची, टीव्हीवर कोणी पडलं की हसायची. पण तोंड उघडलं की त्यातून काही येत नसे. ती ओठ जुळवी, मान पुढे काढी, गळ्याची शीर ताठ होई, आणि मग ती तोंड मिटून घेई. वापीला बोलणं शिकवणाऱ्या एक गुजराती बाई होत्या, तरुण, शांत. त्यांच्याकडे चित्रांची पानं होती, कप, कुत्रा, छत्री. आईने कुत्र्याच्या चित्राकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतलं मला स्पष्ट कळलं, की मला काय बालवाडीत घातलंय का. दुसऱ्या खेपेला तिने ती पानं डाव्या हाताने उपडी घातली. त्या बाई म्हणाल्या, ‘शब्द आहेत, फक्त वाट बंद झालीय.’

हे एवढं वाक्य बाबांना पुरलं. वाट म्हटल्यावर त्यांना आपलंच काम दिसलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी शाळेला निघायच्या आधी ते आईला दारातल्या ओट्यावर बसवू लागले. हातात काहीतरी वस्तू. एक दिवस साखरेची चिमूट. ‘नलू, बघ. शर्करा इथून निघाली, इराणात गेली, अरबांकडे गेली, तिथून युरोपात, आणि शुगर होऊन परत आपल्या चहाच्या टपरीवर आली. शब्द हरवत नाहीत. लांबच्या वाटेने येतात. तुझेही येतील.’ आई त्यांच्या तळव्यावरची साखर जिभेने टिपायची आणि गप्प बसायची. एक दिवस आल्याचा तुकडा: संस्कृतातलं शृंगवेर, शिंगाच्या आकाराचं, तेच फिरत फिरत जिंजर. एक दिवस तिचाच दंड. ‘मसल म्हणजे छोटा उंदीर. लॅटिन लोकांना दंडात उंदीर पळताना दिसला. आपल्याला बेटकुळी दिसली. म्हण, बेटकुळी.’ आईने आपला वाळत चाललेला दंड डाव्या हाताने उचलला आणि पदराखाली घेतला. बाबा उठले, डबा घेतला आणि जीपच्या थांब्याकडे गेले. हे रोज चाले. मी कपडे वाळत घालता घालता बघायची. मला त्यातून काही निघेल असं वाटत नव्हतं आणि निघू नये असंही वाटत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला हवी होती. ती हवी आहे हे मला त्या बधिरपणातही कळत होतं, कारण दिवसातून एकदा तरी मी तिच्यापाशी अडखळायची. बाहेरून आले की मी उंबऱ्यात उगाच थांबायची. चप्पल काढायला वेळ लावायची. आई आतून माझ्याकडे बघत असे. हाक येत नसे. तिने मला एकदा हाक मारावी, एवढंच होतं. पाणी, चहा, दुखतंय, हे सगळं खुणेने भागत होतं. हाकेला खूण नसते.

सुमनमावशी, आईची धाकटी बहीण, नरपडहून येऊन आमच्याकडे राहिली होती. सुके बोंबील, तांदळाच्या पिठाची पिशवी आणि भरपूर सल्ले घेऊन आली होती. ती होती तोवर घरात आवाज होता, आणि मला डहाणूला कॉलेजला जाता येत होतं. मग थंडीच्या सुरुवातीला भूकंपाचे धक्के सुरू झाले. आधी जमिनीखालून सुरुंग उडाल्यागत धड् असा आवाज, मग मांडणीवरची भांडी वाजायची, पंखा झुलायचा. एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजचं झालं. लोक अंगणात चुली मांडायला लागले. तलासरी-डहाणूकडे कधी न आलेली माणसं गाड्यांतून येऊन यंत्रं लावून जाऊ लागली. मावशीने तीन-चार धक्के सोसले आणि पिशवी भरली. ‘भावजी, ताईसाठी जीव टाकीन मी. पण या छपराखाली नाय टाकणार. तिला न्हेते नरपडला.’ आईने नाही म्हणून मान हलवली. मावशीने हात धरला, तर आईने डाव्या हाताने दाराची कडी पकडली. जिथे ती हाका मारत वाढली तिथे मुकी होऊन तिला जायचं नव्हतं, असं मला वाटतं. विचारून खात्री करायची सोय नव्हती. मावशी रडत रडत एकटीच गेली.

त्यानंतर एका सकाळी मी रेशनच्या दुकानात गेले होते तेव्हा मोठा धक्का बसला. रस्त्यावर माणसंच माणसं, पोरं रडतायत, कोंबड्या उडतायत. मी धावत घरी आले. आमच्या आळीतले सगळे बाहेर उभे होते. आई कुठे आहे विचारलं, तर सगळ्यांना वाटलं ती माझ्याबरोबर आहे. ती आत होती. पलंगाजवळ जमिनीवर बसलेली, केसांत गिलाव्याचे तुकडे, तोंड उघडं. ती ओरडत होती. सगळं शरीर लावून ओरडत होती, आणि आवाज नव्हता. मी तिला उचलून बाहेर आणलं, केसांतला चुना झाडला. शेजारीण रडायला लागली. माझे हात स्थिर होते, हे मला चांगलं आठवतं, कारण मला त्याचंच नवल वाटलं होतं.

बाबा संध्याकाळी आले, ऐकलं, आणि म्हणाले, ‘उद्यापासून दोघीही माझ्याबरोबर शाळेत. तिथे इमारतीत कोणी बसत नाही.’ खरंच, धक्के सुरू झाल्यापासून आश्रमशाळेचे वर्ग बाहेर भरत होते. पोरं आवारातल्या तंबूत झोपत आणि आंब्याखाली शिकत. माझ्या कॉलेजला तेव्हा नावाचीच हजेरी होती. आम्ही तिघं जीपमध्ये बसून उधव्याला गेलो. बाबांनी फळा आंब्याच्या बुंध्याला टेकवून ठेवला होता. आईला मागे एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, मी तिच्या पायाशी सतरंजीवर. पोरांनी वळून वळून बघितलं. एक-दोघींनी तिच्या लुळ्या हाताकडे बोट दाखवलं आणि मग सगळी फळ्याकडे वळली.

त्या दिवशीचा शब्द होता विंडो. बाबांनी सांगितलं, हा शब्द थंड देशातल्या दर्यावर्दी लोकांचा. त्यांच्या घराला छपरापाशी भोक असे, त्यातून वारा येई, म्हणून त्याला ते म्हणत वाऱ्याचा डोळा. एक मुलगी उठून म्हणाली, ‘सर, आमचे घराला डोळाच नाय. कुडाच्या फटीतना वारा येते.’ बाबा खूश झाले. ‘मग तुमच्या घराला हजार डोळे. म्हणा, विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा.’ तिथे एक खिडकी नाही, भिंत नाही, नुसता आंबा, आणि सगळा वर्ग ओरडला, ‘विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा.’ बाबा म्हणाले, ‘पुन्हा.’ पुन्हा ओरडले. तिसऱ्या वेळी माझ्या डोक्याच्या वर, जरा मागून, एक घोगरा आवाज आला. ‘...चा डोळा.’

मी वळले नाही. मला वाटलं भास झाला. चौथ्या वेळी सगळंच आलं, पोरांच्या पाठोपाठ, पाऊल चुकत, ‘वाऱ्याचा डोळा.’ पुढची एक मुलगी गर्रकन वळली आणि किंचाळली, ‘सर, मॅडम बोलल्या!’ सगळा वर्ग वळला. आईचा आवाज तिथेच तुटला आणि ती मान खाली घालून साडीची कड चाचपायला लागली. बाबांच्या हातातला खडू खाली पडला. तो उचलून ते म्हणाले, ‘मागे बघायचं नाही. कोणीही नाही. पुन्हा म्हणा.’ त्या पोरांनी त्या दिवशी आणि नंतरही कधी मागे बघितलं नाही. मान आखडून बसत, पण बघत नसत.

परतताना जीपमध्ये बाबांचं तोंड थांबत नव्हतं. ‘बघितलंस? मुळापर्यंत गेलं की शब्द सापडतो. मी म्हणत नव्हतो?’ घरी पोचल्या पोचल्या त्यांनी आईला आमच्या खिडकीसमोर उभं केलं. ‘नलू, हे काय?’ आई बघत राहिली. ‘वाऱ्याचा?’ काही नाही. ‘विंडो?’ काही नाही. बाबांना वाटलं दमली असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आंब्याखाली ती फुरसत म्हणे, छोटा उंदीर म्हणे, सर्वांसाठी म्हणे. जन्मात ज्या बाईने इंग्रजीचं पुस्तक हातात धरलं नाही, ती लॅटिन आणि ग्रीक मुळं सांगत होती. आणि घरी ओट्यावर एकट्या बाबांसमोर तिच्या तोंडून ‘पाणी’ निघत नव्हतं. बाबा शब्द बदलत राहिले. शब्दकोश उघडून आणखी मागे जात राहिले. त्यांना वाटे आपलं मूळ चुकतंय.

मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी तिच्या पायाशी बसायची ना, तिचे ओठ मला खालून दिसायचे. पोरांनी तोंड उघडलं की तिचे ओठ उघडत. पोरं थांबली की मिटत. बाबा एकटे सांगत तेव्हा ती नुसती ऐके. थोडे दिवस मी काही बोलले नाही, कारण बोलण्यासाठी जेवढं काही वाटावं लागतं तेवढं मला वाटत नव्हतं. मग एकदा जीपची वाट बघताना सांगून टाकलं. ‘बाबा, तिला शब्दाचं गाव नको आहे. तिला सोबत हवी आहे.’

‘म्हणजे?’

‘पोरं म्हणतात तेव्हा ती त्यांच्याबरोबर म्हणते. तुम्ही “बाराखडी म्हणा” म्हटलंत तरी म्हणेल.’

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘मग इतके दिवस मी ओट्यावर काय करत होतो?’

आई आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहून सगळं ऐकत होती. तिने डावा हात उचलला आणि बाबांच्या शर्टावरचा खडू झटकला.

वापीच्या बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘होतं असं. एकट्याला वाट सापडत नाही, घोळक्यात पाय उचलतात. गाणं, आरती, पाढे, असं काहीही चालेल. पण त्यातून त्या एकट्या बोलतीलच असं मी सांगणार नाही.’ बाबांनी फार वेळ मान हलवली. मग बाहेर येऊन मला म्हणाले, ‘तुला काय ऐकायचंय तिच्या तोंडून?’ इतक्या दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. ‘माझी हाक,’ मी म्हटलं. बाबा म्हणाले, ‘बरं.’ आम्ही शेअर रिक्षात बसलो.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी फळ्यावर अ‍ॅनिमल लिहिलं. ‘अ‍ॅनिमल म्हणजे कोण? चार पायांचं? शेपटीवालं? नाही. श्वास घेणारं. जे श्वास घेतं ते अ‍ॅनिमल.’ मग खाली मोठ्या मराठी अक्षरात अनिल. ‘हा आपला शब्द. वारा, श्वास. दोघं एकाच घराण्यातले, फार पूर्वी वेगळे निघाले. आणि मुलीचं नाव ठेवलं तर?’ पोरांनी माझं नाव ऐकलेलं होतं. एकजण म्हणाला, ‘मग ताई अ‍ॅनिमल?’ सगळी खिदळली. मी लहान असताना बाबा मला याच नावाने चिडवत, आणि आई त्यांच्यावर ओरडत असे. बाबा म्हणाले, ‘ताई पण, तू पण, मी पण. श्वास चालू आहे तोवर सगळेच. म्हणा, अनिला.’

सगळा वर्ग ओरडला, ‘अनिला.’ बाबा प्रत्येक वेळी हात वर करत. अनिला. अनिला. आणि मग त्यात आई. घोगरी, जरा मागून, शेवटचा ‘ला’ इतरांचा संपल्यावर उरलेला. ती माझं नाव म्हणत होती. मी मान वर करून बघितलं. ती फळ्याकडे बघत होती. बाकीच्या पोरांसारखीच, हात मांडीवर, डोळे अक्षरांवर. बाबांनी पाठ फिरवली आणि फळा पुसायला लागले, पुसून झाला तरी पुसत राहिले. मला वाटलं होतं की हा क्षण आला की माझ्या आतलं काहीतरी हलेल, मला रडू फुटेल. मी वाट बघितली. नाही झालं. हाक तोंड वळवून मारतात. शिवाय आईने जन्मात मला अनिला म्हटलं नव्हतं. बाबांना मी हे कधी सांगितलं नाही. त्यांच्याकडे होतं ते सगळं त्यांनी त्या दिवशी देऊन टाकलं होतं, आणि घरी जाताना जीपमध्ये ते इतके शांत, इतके समाधानी बसले होते.

पुढे कधीतरी, धक्के कमी झाले होते तेव्हाची गोष्ट. रविवार होता. बाबा आत पेपर तपासत होते. मी अंगणात आईसमोर पाटावर बसून तिच्या पायाला तेल लावत होते. काही ठरवलं नव्हतं. मी हात थांबवले, तिची हनुवटी धरून तिचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि तिच्या डोळ्यांत बघून मोठ्याने म्हटलं, ‘अनूऽऽ.’ तिचे ओठ उघडले. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज माझ्या आवाजाला येऊन चिकटला. अनूऽऽ. दोघींचा ‘नू’ एकदम लांबला. मी मध्येच थांबून बघितलं, तर तीही तिथेच थांबली. मी ‘अ’ म्हणून गप्प बसले की तीही ‘अ’ म्हणून गप्प. मी पुढे निघाले की ती निघायची. तेव्हा कळलं की एवढंच आहे. यापुढे जाणार नाही.

तिथून पुढे आई होती तेवढी वर्षं आम्ही ते केलं. बाहेरून आले की मी उंबऱ्यात थांबायची, आई आतून बघायची, आणि मी ओरडायची, ‘अनूऽऽ!’ एका अंगाने माझा आवाज आणि दुसऱ्या अंगाने तिचा, खरखरीत, ट्रकच्या वर जेमतेम चढणारा. एकदा शेजारी नवीन राहायला आलेल्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, ‘कोणाला गं हाका मारतेस रोज? घरात तर दुसरं कोणी लहान दिसत नाही.’

‘मला,’ मी म्हटलं, आणि आत वळून आईला ओ दिली.